वर द्रावण, खाली पाणी

इनक्युबेटरमध्ये बारा डिश होत्या. वरच्या खणात सहा, खालच्या खणात सहा. प्रत्येक डिशमध्ये ओल्या फिल्टर पेपरवर मुळ्याचे पंचवीस दाणे. तिने वरच्या खणापासून सुरुवात केली. एकेक डिश बाहेर काढायची, चिमट्याने मोड आलेले दाणे एका बाजूला सारायचे, मोजायचे, पुन्हा मोजायचे आणि डिश जागेवर ठेवून द्यायची. वरच्या सहा डिशमधल्या दीडशे दाण्यांपैकी एकशे एकतीस दाण्यांना मोड आले होते. खालच्या सहा डिशमध्ये ब्याण्णव.

वरच्या डिशमध्ये मातीतल्या एका जिवाणूचं द्रावण होतं, खालच्यांत साधं पाणी. गेलं दीड वर्ष आकडे असेच येत होते. कधी चार दाणे इकडे, कधी चार तिकडे, पण द्रावण जिंकायचं आणि पाणी हरायचं. तिच्या एम.एस्सी.च्या प्रकल्पाचा निष्कर्ष हाच होता, आणि पीएच.डी.च्या अर्जात ती जो प्रस्ताव जोडणार होती, त्याचं पहिलं वाक्यही हेच होतं.

शुक्रवारी पाच वाजता अर्जाचं पोर्टल बंद होणार होतं. आज मंगळवार. सरांनी शिफारसपत्राबद्दल बोलायला बोलावलं होतं आणि तिला उशीर झाला होता. म्हणून दोन डिश, ज्यांचे दाणे तिला एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहायचे होते, तिने एकदमच उचलल्या. उजव्या हातात वरची, डाव्या हातात खालची.

ती तिथेच थांबली.

डावा तळवा गार पडला होता. उजवा तितका नाही.

तिने डिशची अदलाबदल केली. वरची डाव्या हातात, खालची उजव्या. थोडा वेळ गेला. आता उजवा तळवा गार पडला.

"काय काटेबाई, आता स्वतःच तराजू झालात की काय?"

दारात ताई उभी होती. ताई म्हणजे लॅबमधली सगळ्यांत जुनी विद्यार्थिनी. पाच वर्षं याच इनक्युबेटरशी झगडून तिने प्रबंध सादर केला होता, आणि पुढच्या महिन्यात तिचा व्हायवा होता. काटेबाई हे नाव तिनेच पाडलेलं. वजनकाट्यावर काहीही ठेवलं की ही मुलगी तीनदा उतरवून तीनदा ठेवते, म्हणून.

"काही नाही, ठेवतच होते."

"सर वाट बघतायत. आणि तोंड जरा सरळ कर. शिफारसपत्र मागायला चाललीयस, माफी मागायला नाही."

तिने डिश ठेवल्या. दारावरच्या लाल आकड्यांत २०.० दिसत होतं. ते आकडे दाखवणारा सेन्सर खालच्या खणाच्या मागे, तळाशी होता. वर काहीच नव्हतं.

वर द्रावण, खाली पाणी. या लॅबमध्ये पाऊल टाकल्यावर शिकवली जाणारी ही पहिली गोष्ट. फार पूर्वी कुणा विद्यार्थ्याच्या डिशवरच्या खुणा ओलीने पुसल्या गेल्या होत्या, कुठली डिश कसली ते कळेना, आणि अख्ख्या वर्षाचं काम पाण्यात गेलं. तेव्हा सरांनी नियम घालून दिला: द्रावणाच्या डिश नेहमी वरच्या खणात, पाण्याच्या नेहमी खालच्या. खूण पुसली तरी जागा सांगेल. त्यानंतर घोटाळा एकदाही झाला नाही. सगळे हा नियम पाळायचे, आणि ती सगळ्यांत जास्त पाळायची.

म्हणजे दीड वर्षात द्रावण एकदाही खाली ठेवलं गेलं नव्हतं. पाणी एकदाही वर नव्हतं. वर जरा जास्त ऊब असेल, तर मोड उबेनेही आले असतील.

थर्मामीटर समोरच्या ड्रॉवरमध्ये होते. दोन खणांत दोन लावले असते, तर अर्ध्या तासात काय ते कळलं असतं. तिने ड्रॉवर उघडला. थर्मामीटरच्या शेजारची कात्री घेतली आणि ड्रॉवर लावून टाकला. कात्रीचं तिला काही काम नव्हतं.

सर खिडकीतल्या कुंडीची वाळकी पानं खुडत होते.

"ये गं. पत्राचं ना? असं कर, मसुदा तूच टाइप करून आण. मी लिहायला बसलो तर तुझं पोर्टल बंद होईल आणि मी अजून 'माननीय महोदय'पाशीच असेन."

"मीच लिहू, सर? माझ्याबद्दल?"

"सगळे तसंच करतात. माझ्या गाइडनीही माझ्याकडूनच लिहून घेतलं होतं. मी तर इतकं कौतुक केलं की सही करताना म्हणाले, या मुलाला मला एकदा भेटायचंय." सर स्वतःच हसले. "लाजू नकोस. आणि मला जे माहीत नाही ते लिहू नकोस, म्हणजे झालं."

ती हसली नाही. कात्री अजून तिच्या हातात होती. तिने ती पाठीमागे धरली.

"सर, आपल्या इनक्युबेटरमध्ये पंखा का नाही?"

"होता की. पण वाऱ्याने फिल्टर पेपर सुकायचे, दाणे मरायचे. मीच काढून टाकायला लावला. का गं?"

"सहज विचारलं."

"तिकडे मिळेल हो तुला पंखेवाला," सर म्हणाले. "प्रवेश होऊ दे, तिकडे सगळंच नवंकोरं आहे. आमचं हे म्हातारं कपाट आणि मी, दोघंही पुढच्या वर्षी निवृत्त."

ती परत आली तेव्हा लॅबमध्ये कुणी नव्हतं. तिने जुन्या डिश काढून दाण्यांची नवी खेप लावली. बारा डिश, सहांवर 'द्रा', सहांवर 'पा'. मग तिने दाराकडे एकदा पाहिलं आणि 'पा'च्या सहा डिश वरच्या खणात ठेवल्या. 'द्रा'च्या खाली. घाईत एक डिश दुसरीवर वाजली, आणि त्या आवाजाने ती दचकली.

मोड यायला शुक्रवार उजाडणार होता. अर्ध्या तासाची परीक्षा सोडून तिने तीन दिवसांची निवडली होती. कारण विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की खरी कसोटी हीच, तापमान काहीही असो, दाणेच काय ते बोलतील. ते खोटंही नव्हतं.

संध्याकाळी घरी आई मशीनवर वाकली होती. शाळेचे गणवेश शिवायची तिची कामं अंगावर आली होती, आणि ओठांत टाचण्या धरून ती बोलत होती, त्यामुळे तिचं प्रत्येक वाक्य दातांतून आल्यासारखं येई.

"मामाचा फोन होता. त्या बाटल्यांच्या कारखान्यातली जागा अजून रिकामी आहे म्हणे. पाणी तपासायचं, शिक्का मारायचा. शनिवारी हो की नाही ते सांगा म्हणाला."

"शनिवारी सांगू."

"यंदा झालं तर झालं, नाहीतर नोकरी. आपलं ठरलंय ना तसं?"

"ठरलंय गं."

"मग असा सुतकी चेहरा कशाला? निकाल चांगले आलेत म्हणालीस."

"चांगलेच आलेत."

आईने टाचण्या काढून उशीत खोचल्या. "माझी लेक डॉक्टर होणार," ती मशीनकडे बघत म्हणाली, जणू मशीनलाच सांगत होती, "आणि मला ताप आला की दुसऱ्या डॉक्टरकडे नेणार. शिकून सवरून आमची रांग काही चुकत नाही."

एरवी या विनोदावर ती काहीतरी उलट बोलायची. आज आईने वाट पाहिली. मग उठून तिचा हात हातात घेतला.

"केवढा गार पडलाय हात."

तिने तो पटकन ओढून घेतला, आणि मग इतकं पटकन ओढायला नको होता असं वाटून उगाच ओढणीला पुसला.

फॉर्ममध्ये सहा टप्पे होते. नाव-पत्ता झाला होता. गुणपत्रिका चढवल्या होत्या. फोटो दोनदा नाकारला जाऊन तिसऱ्यांदा स्वीकारला गेला होता. प्रवेश परीक्षेचे गुण भरले होते, आणि ते चांगले होते. उरला होता पाचवा टप्पा, प्रस्ताव, आणि सहावा, पत्र. पाचव्याच्या खोक्यात पहिलं वाक्य केव्हाचं लिहून ठेवलेलं होतं: 'या जिवाणूच्या द्रावणामुळे मुळ्याच्या बियांना लवकर मोड येतात, हे आम्ही दाखवले आहे.' त्याखाली दोन पानं होती, सगळी एकाच प्रश्नाबद्दल. ते का येतात?

बुधवारी ती ती पानं वाचायला बसली. पहिलं वाक्य तिने अंगठ्याने झाकलं आणि उरलेलं वाचलं. वाक्यं नीट होती. संदर्भ नीट होते. जे कदाचित घडतच नाही, ते का घडतं हे तीन वर्षं शोधण्याची अतिशय व्यवस्थित योजना होती ती.

मग मुलाखत डोळ्यांपुढे आली. लांब टेबल, पाच माणसं, पाण्याचे पाच ग्लास. चार जण प्रश्न विचारतात, ती उत्तरं देते, ते मान डोलावतात. पाचवा बराच वेळ कागद चाळत राहतो आणि शेवटी, अगदी सहज, विचारतो: पाणी कुठल्या खणात होतं? तिथून पुढे तिला काही दिसेना. दर वेळी ती त्या प्रश्नापाशी येऊन थांबायची.

आणि प्रवेश मिळाला, कुणी काहीच विचारलं नाही, तर? ते जास्त भीतीदायक होतं. मग ती रोज त्या प्रश्नाची वाट बघणार होती.

पत्राचा मसुदा तिने चारदा सुरू केला. 'सदर विद्यार्थिनी आपले काम अत्यंत काटेकोरपणे करते.' खोडलं. 'सदर विद्यार्थिनी प्रामाणिक व कष्टाळू आहे.' ते वाक्य तिने बराच वेळ तसंच ठेवलं, मग 'प्रामाणिक व' एवढंच खोडलं. सरांच्या खुर्चीत बसून स्वतःकडे बघितल्यासारखं वाटत होतं, आणि समोरची मुलगी काहीतरी पाठीमागे लपवून उभी होती. अखेर तिने हजेरी, गुण, वाचन असल्या तपासता येतील तेवढ्याच गोष्टी लिहिल्या.

गुरुवारी सरांनी तो मसुदा उभ्या उभ्याच वाचला.

"हे काय? हे तर चारित्र्याचा दाखला वाटतंय. वक्तशीर, नियमित! रेल्वेत चाललीयस का?" त्यांनी पेन काढलं आणि समासात आपल्या वळणदार अक्षरात एक ओळ लिहिली. "हे मी घालतो. तू काही हे घालणार नाहीस."

ओळ अशी होती: 'तिने मोजलेला आकडा मी पुन्हा तपासत नाही.'

"सर, हे नको."

"का? खरं आहे. पाच वर्षांत मी हे आणखी एकीबद्दलच म्हटलंय." त्यांनी ताईच्या टेबलाकडे मान हलवली. "जा, टाइप करून आण, सही करतो. आणि हो, थँक यू म्हणायचं असतं."

"थँक यू, सर."

दुपारी पत्र पोर्टलवर गेलं. सहाव्या टप्प्यापुढे हिरवी खूण आली. इनक्युबेटरचं दार तिने त्या दिवशी उघडलं नाही. जवळूनही गेली नाही. सिंककडे जायला टेबलाच्या पलीकडून वळसा घातला.

शुक्रवारी सकाळी तिने दार उघडलं, तेव्हा वरच्या खणात 'द्रा' होतं. खाली 'पा'.

तिने डिशवरची अक्षरं पुन्हा वाचली. खण पुन्हा पाहिले. तिच्याच हातून झालं असेल का? घाबरलेल्या माणसाच्या हातून काहीही होऊ शकतं. पण मंगळवारी एकमेकींवर वाजलेल्या दोन डिशपैकी एकीच्या झाकणाला टवका गेला होता. ती 'पा'ची डिश तिने वर, डाव्या कोपऱ्यात ठेवली होती. आता ती खाली होती, उजव्या कोपऱ्यात.

"मी लावून ठेवल्या," ताई मागून म्हणाली. ती आपल्या टेबलाशी बसली होती. केव्हापासून, कुणास ठाऊक. "बुधवारी सकाळी बघितलं तर उलट्या ठेवलेल्या. म्हटलं, काटेबाईंचं लक्ष फॉर्ममध्ये आहे."

"चुकून नव्हत्या ठेवल्या."

"अच्छा."

ताईने पेनाचं टोपण काढलं आणि परत बसवलं. पुन्हा काढलं.

"आता मोजून उपयोग नाही," टवका गेलेली डिश हातात घेऊन ती म्हणाली. "थोडा वेळ इथे, थोडा तिथे. काहीच कळणार नाही. नव्याने लावायच्या तर सोमवार उजाडेल, आणि आज पाच वाजता..."

"मग भर ना फॉर्म. आहे तसा भर."

"ताई, वरचा खण गरम आहे."

बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली. तिचं एक चाक खडखडत होतं. तो आवाज जिन्यापर्यंत गेला आणि थांबला.

"तुला कसं कळलं?"

"हाताला लागलं. मंगळवारी."

"मंगळवारी." ताईने मान हलवली. "मग थर्मामीटर का नाही लावलास? ड्रॉवर तुझ्या नाकासमोर आहे. अर्ध्या तासाचं काम."

तिने उत्तर शोधलं. जे तयार ठेवलं होतं ते, खरी कसोटी दाण्यांचीच, ते ओठांशी आलं आणि तिथेच राहिलं.

"मीही नव्हता लावला," ताई म्हणाली.

"कधी?"

"दुसऱ्या वर्षाला. माझ्या तर चष्म्यावर वाफ धरली होती, वरच्या खणात डोकावले तेव्हा. खालच्या खणापाशी नव्हती धरत." तिने टोपण बसवलं. "मी पण दाणेच उलटे लावले होते. मग रात्रभर झोप नाही, आणि सकाळी येऊन मीच सरळ केले. मला दुसरं कुणी लागलं नाही."

दारावरचे लाल आकडे २०.० दाखवत होते.

"पाचवा टप्पा बदलायचाय मला," ती शेवटी म्हणाली. "पहिलं वाक्य."

"काढून काय घालणार?"

"जे येईल ते."

"वेडी आहेस. असा फॉर्म कुणी घेईल का? आणि मामाला काय सांगणार उद्या?" ताईने पेन टेबलावर टाकलं. "माझा प्रबंध त्याच वाक्यावर उभा आहे, कळतंय ना? तुझा फॉर्म जिथे जाणार, तिथलेच एक जण माझे परीक्षक आहेत. आणि सर... सरांना कोण सांगणार?"

तिने ड्रॉवर उघडला. दोन थर्मामीटर बाहेर काढले आणि पाण्याच्या एकाच भांड्यात शेजारी शेजारी उभे केले. पारा स्थिर झाल्यावर वाकून पाहिलं. दोन्ही एकच आकडा सांगत होते. मग तिने दोन छोटी भांडी पाण्याने भरली, एकेक थर्मामीटर एकेका भांड्यात ठेवला, एक भांडं वरच्या खणात, एक खालच्या. आतलं काचेचं दार लावलं. बाहेरचंही.

आता थांबायचं होतं. तिने हात बगलेत घेतले.

ताई जागची उठली. तिला वाटलं, ताई निघून जाईल. सरांच्या खोलीत, किंवा नुसतीच बाहेर. ताई कॉम्प्युटरपाशी गेली. फॉर्म उघडाच होता. खुर्ची ओढून ती समोर बसली, चष्मा काढून पुसला, परत घातला.

"पाचवा म्हणालीस ना?"

"हो."

"पहिलं वाक्य. अख्खं?"

"अख्खं."

एकच कळ पुन्हा पुन्हा दाबल्याचा बारीक टकटकाट ऐकू आला. खोक्याच्या वरच्या कोपऱ्यात कर्सर उघडमीट करत होता.

वेळ झाल्यावर तिने बाहेरचं दार उघडलं. आतल्या काचेला नाक लावून, श्वास धरून तिने वरचा थर्मामीटर वाचला. मग खालचा. मग पुन्हा वरचा, पुन्हा खालचा. तिसऱ्यांदा दोन्ही.

"सांग," ताई म्हणाली. तिची बोटं कळांवर टेकली होती.

"वर बावीस पूर्णांक सात."

कळा वाजल्या.

"खाली वीस पूर्णांक एक."